मापाचा मेळ : संगणकीय प्रपत्रांची देवाणघेवाण

1870 साली मुंबईकडून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग आणि अलाहाबादकडून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा लोहमार्ग जबलपूर येथे एकमेकांस मिळाले. दोहोंच्या रुळांतील अंतर एकच, म्हणजे 1,676 मिलिमीटर, असल्यामुळे डबे एका मार्गावरून दुसऱ्यावर सरळ जाऊ शकत. पुढे सातपुडा ओलांडून गोंदियाहून जबलपूरला आलेल्या मार्गाचे हे अंतर मात्र 762 मिलिमीटर होते. साहजिकच त्या मार्गाचा माल जबलपुरास उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. माल तोच, स्थानकही तेच. अडचण होती ती मापांच्या भिन्नतेची.

संगणकांच्या व्यवहारातही अशीच अडचण आढळते. समजा, जबलपूरच्या एका रुग्णालयाने रक्ताच्या मागणीसाठी ई-मेलचे खास प्रपत्र तयार केले. त्यात रक्तगट, पिशव्यांची संख्या व निकडीची वेळ यांसाठी स्वतंत्र रकाने आहेत. हे प्रपत्र भरून गोंदियाच्या रक्तपेढीकडे पाठविले. परंतु तेथील संगणक निराळ्या प्रणालीचा असल्यामुळे पडद्यावर केवळ विषयाची ओळ दिसली. रक्तगटाचा रकाना दिसलाच नाही. अशा वेळी झालेला विलंब प्राणावर बेतू शकतो.

असे का व्हावे? प्रपत्राचे दोन भाग असतात. रकान्यांत भरलेली माहिती हा पहिला आणि ते रकाने कोठे व कसे दिसावेत हे सांगणारा आराखडा हा दुसरा. आराखडा बहुधा पाठविणाऱ्याच्या कार्यक्रमातच राहतो. उदाहरणार्थ, विंडोज प्रणालीवरील आउटलुकमध्ये रचलेले खास प्रपत्र मॅकिंटॉशवरील आउटलुकमध्ये चालत नाही. अन्य कार्यक्रमांकडे तर कधी कधी ‘विनमेल.डॅट’ नावाचे न उघडणारे जोडपत्र तेवढे पोहोचते. मजकूर त्यातच बंदिस्त असतो. तो उलगडण्याची किल्ली मात्र त्या संगणकापाशी नसते.

यावर उपाय म्हणजे सर्वांस मान्य असे माप. ई-मेलमध्ये मजकूर, चित्रे व जोडपत्रे कशी बांधावीत याचा ‘माइम’ हा संकेत बोरेनस्टाइन व फ्रीड यांनी 1992 मध्ये मांडला. दिनदर्शिकेतील नोंदींसाठी ‘आयकॅलेंडर’ हा संकेत 1998 मध्ये प्रसिद्ध झाला व 2009 मध्ये सुधारण्यात आला. त्यात आरंभ, समाप्ती, स्थळ इत्यादी बाबींची नावे ठरलेली आहेत. एखाद्यास स्वतःचा खास रकाना घालावयाचा असल्यास त्याच्या नावाआधी ‘एक्स’ हे अक्षर व एक आडवी रेघ लावावी, आणि ज्या कार्यक्रमास तो रकाना ओळखता येत नाही त्याने तो सोडून उरलेली नोंद वाचावी, असा नियम आहे.

वेळेच्या बाबतीतही एकमत लागते. भारतात गावोगावच्या घड्याळांत एकेकाळी फरक असे. रेल्वे मद्रासची वेळ पाळीत. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. आयकॅलेंडरमध्येही वेळेसोबत तिचा प्रदेश नोंदविता येतो, अथवा जागतिक प्रमाणवेळ देता येते. जबलपूरची सकाळी 10.30 ची सभा जागतिक वेळेने 5 वाजता ठरते. हा आधार दिला नाही, तर परदेशातील संगणक 10.30 ही आपलीच स्थानिक वेळ समजेल.

म्हणून प्रपत्र रचणाऱ्याने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. महत्त्वाची माहिती साध्या मजकुरातही लिहावी; तारीख व वेळ प्रमाणित रूपात द्यावी; आणि प्रपत्र प्रत्यक्ष उपयोगात आणण्यापूर्वी निराळ्या प्रणालीच्या संगणकावर उघडून पाहावे. खास रकाना ही सोय आहे. तिच्यावाचून संदेश निरर्थक होता कामा नये.

गोंदिया-जबलपूर मार्गावर आज रुंद रूळ आहेत. परंतु त्यासाठी संपूर्ण मार्ग नव्याने बांधावा लागला. माप आरंभीच जुळविले तर असे श्रम वाचतात, हाच या उदाहरणाचा बोध होय.