विजेचे बिल वाचू या



महिन्यातून एकदा तुमच्या घरी एक कागद येतो. तो पाहून अब्बांच्या कपाळावर आठ्या पडतात. अम्मी विचारते, "या महिन्यात किती आले?" हा कागद म्हणजे विजेचे बिल. घरातील सगळे फक्त शेवटचा आकडा पाहतात आणि कागद बाजूला ठेवतात. पण महावितरणचे बिल मराठीत असते आणि तुम्ही मराठी शिकत आहात. तेव्हा हे बिल घरच्यांना समजावून सांगण्याचे काम तुमचेच, नाही का?

चला, आज आपण बिल वाचू या.

बिलावर 'मागील रीडिंग' आणि 'चालू रीडिंग' असे दोन आकडे असतात. चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करा. जी संख्या येईल, तितके युनिट वीज तुम्ही वापरली. युनिट म्हणजे काय? एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट वीज खर्च होते.

आता महत्त्वाची गोष्ट ऐका. सर्व युनिटांचा दर सारखा नसतो. घरगुती ग्राहकाला पहिली १०० युनिटे कमी दराने मिळतात. १०१ ते ३०० युनिटांचा दर त्याहून बराच जास्त असतो. पुढे तो आणखी वाढतो. म्हणून वापर थोडा वाढला, तरी बिल पुष्कळ वाढते.

एका घराचा हिशेब करू. या घरात दोन जुने पंखे आहेत. प्रत्येक पंखा ७५ वॅटचा आहे आणि रोज १२ तास चालतो. महिन्याला एका पंख्याला २७ युनिटे लागतात, म्हणजे दोघांना ५४. फ्रिज, टीव्ही, दिवे यांना मिळून ६५ युनिटे लागतात. एकूण झाली ११९. आता त्याच ठिकाणी ३५ वॅटचे नवे पंखे लावले तर? दोन्ही पंख्यांना मिळून साधारण २५ युनिटेच लागतील. एकूण वापर ९० वर येईल. वारा तितकाच, उकाडा तितकाच, पण शंभराच्या वरचा महाग दर टळला.

असे पंखे दुकानात कसे ओळखायचे? त्यासाठी सरकारने सोय केली आहे. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला. त्यानुसार २००२ साली ऊर्जा दक्षता ब्यूरो ही संस्था स्थापन झाली. २००६ पासून उपकरणांवर ताऱ्यांची चिठ्ठी दिसू लागली. ही चिठ्ठी फ्रिजवर, एसीवर असते. २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही ती सक्तीची झाली. एक तारा म्हणजे वीज जास्त, पाच तारे म्हणजे वीज कमी. मात्र तारे मोजताना चिठ्ठीवरचे वर्षही पाहा, कारण ताऱ्यांचे नियम वेळोवेळी कडक होतात. जुन्या पाच ताऱ्यांना आज तितका मान नसतो.

तुम्ही म्हणाल, "चांगला पंखा महाग असतो." खरे आहे. एलईडी दिवेसुद्धा एके काळी महाग होते. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एका दिव्याची किंमत ३१० रुपये होती. जानेवारी २०१५ मध्ये 'उजाला' योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने कोट्यवधी दिवे एकदम विकत घेतले, म्हणून किंमत उतरली. २०१६ साली ती ४० रुपयांच्या आत आली. या योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक दिवे घरोघरी पोहोचले. ६० वॅटच्या जुन्या दिव्याचे काम ९ वॅटचा दिवा करू लागला. एका घराला जे जमत नाही, ते सर्वांनी मिळून जमते.

दोन्ही पंखे एकदम बदलता येत नसतील, तर जो सर्वांत जास्त वेळ चालतो तो आधी बदला. भाड्याच्या घरात आणखी एक अडचण असते. पंखा घरमालक लावतो आणि बिल भाडेकरू भरतो. मग मालकाने महाग पंखा का घ्यावा? अशा वेळी हिशेबाचा कागद घेऊन मालकाशी बोलावे. आकडे दाखवले, की बोलणे सोपे होते.

इमारतींसाठीही नियम आहेत. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी २००७ साली आणि राहत्या घरांसाठी २०१८ साली संहिता तयार झाली. भिंतीतून उष्णता किती आत यावी, खिडकीतून वारा किती यावा, हे त्यांत सांगितले आहे. मुंबईची हवा दमट आहे, विदर्भाचा उन्हाळा कोरडा आणि कडक आहे. दोन्हीकडे एकच नियम कसा चालेल? म्हणून आपापल्या हवामानाप्रमाणे नियमांत बदल करण्याचा अधिकार राज्यांना आहे. आपल्या राज्यात वीजबचतीचे काम 'महाऊर्जा' ही संस्था पाहते. तेलंगण राज्याने तर २०२३ साली थंड छपरांचे धोरण आणले. छतावर पांढरा लेप दिला, की ऊन परतते आणि खोली कमी तापते.

मित्रांनो, दगडी कोळसा जाळून वीज तयार करताना त्यातील साधारण एक तृतीयांश उष्णतेचीच वीज होते. बाकीची वाया जाते. म्हणून घरात वाचलेले एक युनिट खाणीतला बराच कोळसा वाचवते. २००५ च्या सुमारास महाराष्ट्रात विजेचा मोठा तुटवडा होता. तासन् तास भारनियमन होई. यंत्रमाग थांबत आणि मुले कंदिलाजवळ अभ्यास करत. आपल्या दादीला विचारा, त्यांना ते दिवस आठवत असतील.

थेंबे थेंबे तळे साचे. पुढच्या महिन्यात बिल आले, की ते तुम्ही हातात घ्या आणि मोठ्याने वाचा.

स्वाध्याय

१. एक युनिट वीज म्हणजे काय?
२. एलईडी दिव्यांची किंमत कशी कमी झाली?
३. सर्व राज्यांत इमारतींचा एकच नियम का चालत नाही?
४. तुमच्या घरातील पंख्यांचा एका महिन्याचा हिशेब करा आणि वर्गात वाचून दाखवा.