विहिरीचे माप आणि औषधाचे प्रमाण

पावसाळ्याचे पहिले पाणी विहिरीत उतरते, तेव्हा त्याबरोबर परिसरातील घाणही उतरते आणि पटकी, अतिसार, कावीळ यांसारखे रोग गावात शिरतात. त्यांना विहिरीच्या काठावरच अडविण्याचे साधन म्हणजे विरंजक चूर्ण. गावोगावी ते टीसीएल पावडर या नावाने परिचित आहे. ते अंदाजाने मूठभर टाकून मात्र भागत नाही. येथे शाळेत शिकलेले त्रैराशिकच उपयोगी पडते.

सर्वसाधारण स्वच्छ अशा १,००० लिटर पाण्यास, ३३ टक्के क्लोरीन असलेले चूर्ण सुमारे २.५ ग्रॅम लागते. हे मूळ प्रमाण होय. गोल विहिरीतील पाणी काढण्यासाठी व्यासाचा वर्ग, पाण्याची खोली व ३.१४ यांचा गुणाकार करून त्यास ४ ने भागावे. मापे मीटरमध्ये घेतल्यास उत्तर घनमीटरमध्ये येते आणि १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर.

समजा, विहिरीचा व्यास ४ मीटर व पाणी ५ मीटर खोल आहे. पाणी ६२.८ घनमीटर भरेल व चूर्ण १५७ ग्रॅम लागेल. शेजारच्या विहिरीत पाणी तेवढेच खोल, पण व्यास ८ मीटर असेल, तर किती चूर्ण घ्यावे? व्यास दुप्पट म्हणून चूर्णही दुप्पट, असे अनेकांना वाटते. ते चूक आहे. पाणी चौपट, म्हणजे २५१.२ घनमीटर होते. चूर्ण ६२८ ग्रॅम हवे. दुप्पट टाकणाऱ्याने निम्माच डोस दिला, आणि गाव मात्र पाणी शुद्ध झाले असे समजून ते पीत राहिले.

उघडे राहिलेले चूर्ण दुर्बल होते. त्यात क्लोरीन २५ टक्केच उरला असेल, तर येथे व्यस्त प्रमाण लागू पडते: १५७ ला ३३ ने गुणून २५ ने भागता सुमारे २०७ ग्रॅम येतात.

एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा अधिक चूर्ण कालवू नये. प्रथम थोड्या पाण्यात लगदा करून बादली पाऊण भरावी. दहा मिनिटांनी वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्यावी व तळाचा चुना टाकून द्यावा. निवळीची बादली दोराने विहिरीत सोडून वर-खाली व आजूबाजूस हलवावी. एक तासानंतर पाण्यात प्रतिलिटर ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन आढळला पाहिजे. तो कमी भरल्यास पाणी अधिक गढूळ वा दूषित आहे असे समजून मात्रा वाढवावी.

विहिरीचा व्यास बदलत नाही. बदलते ती पाण्याची खोली. ४ मीटर व्यासाच्या विहिरीस दर मीटर खोलीमागे ३१.४ ग्रॅम चूर्ण लागते. गावातील प्रत्येक विहिरीचा असा तक्ता शाळेतील मुलांकडून करवून घेऊन पंचायतीने तो काठावर रंगवावा. मग जलसुरक्षकास केवळ दोर सोडून खोली मोजणे तेवढे उरेल.