बर्फ पाण्यावर का तरंगतो?

प्रस्तावना

रायपूरच्या समता कॉलोनीत मे महिन्यात उन्हाने अंगाची लाहीलाही होते, तेव्हा घरोघरी सरबताचे पेले भरले जातात. पेल्यातील बर्फाचा खडा वर तरंगतो, यात कुणालाच नवल वाटत नाही. वास्तविक बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात आणि आपल्याच द्रवात बुडतात. रवाळ तुपाचे कण पातळ तुपाच्या तळाशी बसतात, हे तुम्ही पाहिले असेल. पाणी मात्र गोठताना फुगते. असे का होते, ते या पाठात पाहू.

रेणूंची साखळी

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक व हायड्रोजनचे दोन अणू असतात. ऑक्सिजनकडे किंचित ऋणप्रभार, तर हायड्रोजनकडे किंचित धनप्रभार असतो. त्यामुळे एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. या ओढीला ‘हायड्रोजन बंध’ म्हणतात. रेणूच्या आतील बंधाच्या तुलनेत त्याचे बळ सुमारे विसाव्या हिश्शाइतकेच असते.

परंतु बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी असा बांधलेला असतो. त्यातून षट्कोनी जाळी तयार होते आणि तिच्यात बरीच जागा रिकामी राहते. म्हणून एक घन सेंटीमीटर बर्फाचे वजन सुमारे 0.917 ग्रॅमच भरते. बर्फ वितळताना जाळी मोडते आणि रेणू एकमेकांच्या अधिक जवळ येतात. थंड प्रदेशात तलावाचा पृष्ठभाग गोठला, तरी त्याखालच्या पाण्यात मासे जगतात, ते या तरंगणाऱ्या बर्फामुळेच.

गणित आणि प्रयोग

बर्फातील हायड्रोजनची मांडणी एकाच ठरावीक पद्धतीची नसते. 1935 साली लायनस पॉलिंग यांनी तिच्या संभाव्य पद्धती मोजून, अतिथंड बर्फातही किती अव्यवस्था उरेल, याचे गणित मांडले. 1936 साली जिओक आणि स्टाउट यांनी अतिथंड बर्फ तापवताना लागणारी उष्णता प्रयोगशाळेत मोजली. त्यावरून निघालेले उत्तर पॉलिंग यांच्या गणिताशी जुळले.

पुण्यातील संशोधन

पुणे विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ डॉ. श्रीधर गद्रे यांनी रेणूंच्या विद्युत गुणधर्मांचा सखोल अभ्यास केला. 1993 साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. मोठा रेणू लहान तुकड्यांत ‘बेतून’ त्याचे गणित सोडवण्याची पद्धत त्यांच्या गटाने विकसित केली. 2006 साली तिच्या आधारे हायड्रोजन बंधाची ऊर्जा काढण्याची रीत मांडली गेली. त्याआधी 2001 साली पुणे आणि कानपूर येथील शास्त्रज्ञांनी पाण्याच्या 8 ते 20 रेणूंच्या समूहांची रचना व स्थैर्य संगणकाच्या साहाय्याने अभ्यासले होते.

अशा समूहांत एक गोष्ट प्रकर्षाने दिसते. एकेकटा क्षीण असलेला बंध इतर बंधांच्या साथीने अधिक बळकट होतो. बर्फाच्या कठीणपणामागे ही परस्परांची साथ आहे.

शब्दार्थ

क्षीण – दुबळा
स्थैर्य – टिकून राहण्याचा गुण
प्रकर्षाने – ठळकपणे

स्वाध्याय

1. बर्फाची घनता पाण्यापेक्षा कमी का असते?
2. पॉलिंग यांचे गणित बरोबर आहे, हे कशावरून कळले?
3. ‘एकीचे बळ’ या विषयावर बर्फाचे उदाहरण घेऊन पाच वाक्ये लिहा.