बंदुकीची गोळी आणि शिकारीचे मांस

मागील शाबान महिन्यात मरोळच्या आमच्या मशिदीत इशाच्या नमाजानंतर एक बुजुर्ग थांबले. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांची बहीण लग्न होऊन केपटाऊनला गेली. कोकणातून तिकडे गेलेल्या मुस्लिम कुटुंबांची वस्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. बहिणीचा मुलगा शिकारीला जातो. त्याने मामांकरवी विचारले होते की कुडू हरणासाठी 'बॉन्डेड' गोळी घ्यावी की साधी? मामांचा प्रश्न मात्र निराळा होता. "मौलाना, मागच्या खेपेला त्याने मारलेल्या शिकारीचं सालन मी ताटात तसंच ठेवलं. तेव्हापासून बहीण फोनवर नीट बोलत नाही. माझं चुकलं का?"

प्रिय वाचकहो, आपल्या देशात हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. मरोळपासून आरे ओलांडले की संजय गांधी राष्ट्रीय उद्यान लागते. तिथल्या चितळाकडे बंदूक रोखणे हा गुन्हा आहे, आणि देशाचा असा कायदा पाळणे आपल्यावर बंधनकारक आहे. पण जिथे शिकारीला परवानगी आहे, तिथल्या आपल्या नातेवाइकांच्या ताटाचा प्रश्न उरतोच.

प्रथम गोळीचे समजून घेऊ. रायफलच्या गोळीत आत शिसे आणि बाहेर तांब्याचे आवरण असते. साध्या गोळीत शिसे आवरणात केवळ दाबून बसवलेले असते. जवळून, मोठ्या वेगाने हाडावर आदळली तर आवरण आणि शिसे वेगळे होतात, तुकडे विखुरतात, जखम रुंद पण उथळ होऊ शकते. बॉन्डेड गोळीत दोन्ही एकमेकांना पक्के सांधलेले असतात. तीही आत शिरल्यावर अळंबीसारखी फुलते, परंतु वजन फारसे न गमावता खोल जाते आणि पुष्कळदा पलीकडून बाहेर पडते. स्प्रिंगबॉकसारख्या लहान, पातळ कातडीच्या हरणाला साधी गोळी पुरते. तिथे बॉन्डेड गोळी कधी पुरेशी न फुलताच आरपार निघून जाते. दोनशे किलोंच्या वर भरणाऱ्या कुडूच्या नराला मात्र साधी गोळी खांद्याच्या हाडावरच फुटली, तर ते जखमी जनावर पळते आणि झुडपात तडफडत मरते.

आता फिकहकडे वळू. हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना 'मिअराज', म्हणजे बोथट काठीवजा बाणाने केलेल्या शिकारीविषयी विचारले होते. उत्तराचा आशय असा, की तो टोकाने भेदून मारील ते खावे. आडवा बसून मारील ते खाऊ नये, कारण ते मार बसून मेलेले जनावर आहे. सूरह अल-माइदाच्या तिसऱ्या आयतीत अशा जनावराला हराम ठरवले आहे. म्हणजे कसोटी भेदण्याची आहे, ठेचण्याची नव्हे.

इथे भाषेची एक गंमत आहे. अरबीत 'बुंदुक' म्हणजे एक कवचीचे फळ. त्याच्या आकाराची मातीची गोटी 'बुंदुका' झाली, आणि त्याच शब्दातून आपली 'बंदूक' आली. इमाम नववी (रह.) यांनी 'मिन्हाज'मध्ये 'बुंदुका'ने मेलेली शिकार हराम म्हटली आहे. परंतु त्यांच्यासमोर मातीची गोटी होती, रायफल नव्हती. केवळ शब्द तोच आहे म्हणून हुकूमही तोच, असे म्हणता येत नाही.

शिशाच्या गोळीवर दोन समकालीन विद्वानांचे मत पाहण्यासारखे आहे. दमास्कसचे हनफी फकीह अल्लामा इब्ने आबिदीन (मृत्यू 1836) म्हणतात की गोळीला धार नाही. ती जळजळीने आणि वेगाने आलेल्या भाराने जखम करते, म्हणून शिकार हलाल नाही. येमेनचे इमाम शौकानी (मृत्यू 1834) म्हणतात की गोळी भेदते, बहुधा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघते, म्हणून हलाल आहे. पुढे टोकदार गोळ्या आल्यावर काही हनफी उलमांनीही त्यांना वेगळे मानले.

माझ्या अल्पमतीने भाच्याच्या प्रश्नाचे महत्त्व इथेच आहे. शौकानींचे कारण आरपार जाणाऱ्या गोळीला चपखल बसते. हाडावर फुटून मांस चेचणाऱ्या गोळीला ते कितपत लागू पडेल? शिवाय शिकार पाण्यात पडून मेली तर खाऊ नका, असेही प्रेषितांनी (स.) अदींना सांगितले, कारण बाणाने मारले की पाण्याने हे कळत नाही. संशय असेल तिथे हात आवरावा. म्हणून जो शौकानींच्या मतावर चालतो, त्यानेही कुडूसाठी बॉन्डेड गोळीच घ्यावी, आणि गोळी झाडताना अल्लाहचे नाव घ्यावे.

आम्ही शाफई आणि हनफी मात्र सावधगिरीचा मार्ग धरतो. गोळी लागल्यावर जनावर जिवंत हाती लागले आणि जबह केले, तर निःशंक हलाल. शाफईंच्या मते त्यात स्थिर जीव असला पाहिजे, नुसती शेवटची धडपड पुरत नाही. हनफींना जिवाचा थोडा अंशही पुरतो. म्हणून सुरी आधीच पाजळून कमरेला असावी आणि पाय चपळ असावेत.

यावर कोणी म्हणेल, मग पायावर गोळी मारू, म्हणजे जनावर जिवंत सापडेल. असे कदापि करू नये. हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांच्या हदीसनुसार मारतानाही चांगुलपणा बंधनकारक आहे, जबहच्या सोयीसाठी मुक्या जिवाचे हाड मोडणे हा छळ आहे. नेम हृदय-फुफ्फुसावरच धरावा. पोहोचण्याआधी जनावर मेले तर मांसावर पाणी सोडावे. कातडे कमावून वापरता येते. ज्याला हे जड वाटते, त्याने शिकारीला न जाता शेतावरचे बकरे घ्यावे.

आणखी एक गोष्ट. शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर मांसात पसरतात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि लहान मुलांच्या मेंदूला घातक असतात. कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी केली. बॉन्डेड गोळी कमी तुकडे सोडते, तरी तीही शिशाचीच. निव्वळ तांब्याच्या गोळ्या मिळतात, त्या घ्याव्यात. जखमेभोवतालचे मांस सढळ हाताने कापून टाकावे.

बुजुर्गांना मी म्हणालो, "तुम्ही खाल्लं नाहीत ते ठीक. पण आधी विचारायला हवं होतं. भाच्याने सुरी चालवली होती का?" ते गप्प झाले. मग म्हणाले, "विचारलंच नाही, मौलाना." मी म्हटले, "आज बहिणीला फोन करा. तिकडे आता रात्रीचे आठसुद्धा वाजले नसतील."