आजचे चिंतन : सालोमालो आणि आवली



आजचे वाचन : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १८

मान-सत्कारासाठी दंभाने केलेले तप राजस, ते टिकत नाही, असे भगवंत सांगतात.

प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ आठवा. सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःचे म्हणून मिरवतो. सगळं सोंग आहे, भाव नाही. आणि आवली? पोरगं आजारी, घरात पैसा नाही. एका हाताने पोराला ओढत, दुसऱ्या हातात वहाण घेऊन ती विठ्ठलावरच धावून जाते! पोरगं बरं होतं. मध्ये ना बाबा, ना दक्षिणा. भांडण देवाशीच, म्हणजे देव आहे हे तिने धरलेलंच.

आमच्या ओळखीच्या एका मावशींनी कुणा बाबाच्या अंगाऱ्यावर भरवसा ठेवून शुगरच्या गोळ्या सोडल्या. शेवटी पाय काढावा लागला. बाबा तोवर गाव सोडून गेला होता.

सिनेमातला चमत्कार आपल्या हातात नाही, आवलीचा खरेपणा आहे. आपल्या पारनेर तालुक्यातल्या पिंपळनेरचे निळोबाराय तुकोबांचेच शिष्य. या परंपरेत कृपेला दर नाही.

आजचा नेम : कृपेचा भाव सांगणाऱ्याला लांबूनच नमस्कार. औषध वेळेवर, नाम अखंड.

रामकृष्ण हरी.