छपाईच्या कोपऱ्याला नाव काय द्यायचं? (भाषा व कला उपक्रम, इयत्ता ३ री ते ५ वी)



भेंडी, बटाटा, झाडाची पानं यांचे ठसे आपण शाळेत घेतोच. हेच काम वर्षभर एका ठरलेल्या जागी केलं, तर ती एक छोटी छपाई-कार्यशाळाच होते. मग प्रश्न येतो, तिचं नाव काय? बहुतेक वेळा नाव मोठी माणसं ठरवतात, पेंटर ते रंगवतो आणि मुलं नुसतं वाचतात. माझं म्हणणं असं की नाव मुलांनीच ठरवावं आणि मुलांनीच छापावं.

जुनी नावं काय सांगतात?

आधी मुलांना तीन छापखान्यांची ओळख करून द्या.

१) चित्रशाळा, पुणे : विष्णुशास्त्री चिपळूणकर व सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये सुरू केला. इथे देवदेवतांची रंगीत चित्रं छापली जात. नाव कामावरून आलं.

२) रवि वर्मा प्रेस : राजा रवि वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केला. नाव माणसावरून. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला, तरी चित्रांवर रवि वर्मा प्रेस हेच नाव राहिलं.

३) निर्णयसागर, मुंबई : जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये काढला. नावात छपाईचा शब्दच नाही. पण सुबक टाइप आणि नेटकी छपाई यांमुळे ते नाव घराघरांत पोचलं.

आता विचारा, आपलं नाव कोणत्या प्रकारचं हवं? एखादं मूल सर-मॅडमचं नाव सुचवेलच. तेव्हा सांगा, आमची बदली होणार, कोपरा इथंच राहणार!

शब्द तयार करूया

फळ्यावर तीन रकाने आखा.
पहिला : छाप, ठसा, मुद्रा, रंग, चित्र
दुसरा : घर, शाळा, खाना, आलय
तिसरा : घरचा शब्द

पहिल्या दोन रकान्यांच्या जोड्या मुलं पटापट लावतात. ठसेघर, रंगशाळा, छापखाना. 'खाना' फारसीतून आला, म्हणून दवाखाना, कारखाना. 'आलय' संस्कृतातून, म्हणून विद्यालय, रुग्णालय. सोबत 'ठसा उमटवणे', 'छाप पाडणे' हे वाक्प्रचारही घ्या.

तिसरा रकाना मात्र विसरू नका. आपल्या हिंगोली जिल्ह्यात एकाच वर्गात तांड्यावरची, आदिवासी वस्तीवरची, घरी उर्दू बोलणारी मुलं असतात. मराठीच्या तासाला यातली काही गप्पच बसतात. रंगाला, चित्राला, हाताच्या ठशाला घरी काय म्हणतात ते त्यांना विचारा आणि तो शब्द फळ्यावर लिहा. लगेच हात वर करायला सांगितलं, तर ज्यांची संख्या जास्त त्यांचाच शब्द जिंकतो. म्हणून आधी प्रत्येकाने 'हे नाव का?' ते दोन वाक्यांत सांगायचं, मग मतदान. मागे पडलेली नावं रंगाच्या डब्यांना, वहीला, वाळत घालायच्या दोरीला द्या.

नाव छापून बघा

शेवटची परीक्षा ठशाची. पातळ कागदावर नाव लिहा, कागद उलटा करा आणि थर्माकोलच्या ताटलीवर ठेवून बॉलपेनने दाबून गिरवा. वरून रंग लावून कागदावर ठसा घ्या. दाबलेली अक्षरं पांढरी राहतील. कागद उलटा न करता गिरवलं तर काय होतं, तेही मुलांना करून पाहू द्या. काना, वेलांटीची दिशा तेव्हा नीट कळते. लांबलचक आणि जोडाक्षरांचं नाव गिरवायला अवघड जातं, हेही मुलांच्याच लक्षात येईल.

रंगाला आपली हळद आहेच. पिठाच्या खळीत कालवली की पिवळा रंग, त्यात चिमूटभर खायचा सोडा घातला की लालसर. (कपडे सांभाळा, डाग जात नाहीत!)

पालकहो, मूल घरी आलं की 'नाव काय ठेवलं?' एवढंच विचारू नका. 'हेच का ठेवलं? आणखी कोणती नावं होती?' असं विचारा. त्याला दुसऱ्याच्या नावामागचं कारणही सांगता आलं, तर धडा पोचला असं समजा.