ओटीपोटातल्या नसांचा एमआरआय: करंजाड्याहून निघण्याआधी

बाळ बंद गुदद्वार घेऊन जन्मलं, त्रिकास्थी अपुरी राहिली किंवा पाठीवर मज्जारज्जूची गाठ घेऊन आलं, की सर्जनला एक गोष्ट आधी कळायला हवी असते: एस 2, एस 3, एस 4 या नसा कुठून कशा जातात? लघवी-शौचाचा ताबा बराचसा त्यांच्यावरच चालतो. साध्या एमआरआयमध्ये मणका आणि स्नायू चांगले दिसतात. नसांसाठी एमआरआयचीच डीटीआय पद्धत वापरतात; ती नसेच्या लांबीच्या दिशेने पाणी कसं सरकतं ते मोजून नसेची वाट रेखाटते. लहान मुलांसाठी हे तंत्र बसवण्याचं बरंच काम पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात झालं आहे.

आधी डॉक्टरांनी दिलेली तपासणीची चिठ्ठी बघा. तिच्यावर नुसतं 'एमआरआय पेल्व्हिस' असेल, तर डॉक्टरांकडून प्रश्न लिहून घ्या: मज्जारज्जू खाली ओढला गेलाय का, दोन्ही बाजूंच्या या त्रिक नसा (एस 2 ते एस 4) दिसतात का, गुदाशय कुठे संपतो. मग सेंटरला फोन करा. यंत्र 3 टेस्लाचं आहे का? मुलांना भूल देणारे डॉक्टर त्या दिवशी असतील का? मुलांच्या नसांचं डीटीआय वाचणारा रेडिओलॉजिस्ट आहे का? या शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळालं, तर दुसरं सेंटर शोधलेलं बरं.

भूल द्यायची असेल तर घन आहार आणि वरचं दूध 6 तास आधी, आईचं दूध 4 तास आधी, पाणी 2 तास आधी बंद, असा साधारण नियम. तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील तोच पाळा. साडेनऊची वेळ असेल तर साडेपाचला आईचं दूध पाजून निघा. करंजाड्याहून मुंबईत परळच्या बाजूला जायचं तर पनवेलहून हार्बर लोकल आणि कुर्ल्याला गाडी बदलणं आलं. उपाशी मुलाला घेऊन त्या गर्दीत शिरू नका. चारचाकी मिळाली तर अटल सेतूने शिवडीला उतरा. रिक्षा आणि दुचाकीला त्या पुलावर मनाई आहे.

तान्ह्या बाळाला, साधारण तीन महिन्यांपर्यंत, बऱ्याचदा भूल लागतच नाही. भूल द्यायची नाही असं ठरलं असेल तर सेंटरवर पोचल्यावर पाजा, दुपट्यात घट्ट गुंडाळा, झोपू द्या.

धातू शोधताना घाई नको. वाळे आणि करदोटा आठवणीने निघतात. आजीने झबल्याच्या आत काळ्या दोऱ्याने बांधलेला ताईत मात्र हमखास राहतो. दुपट्याची सेफ्टी पिन आणि झबल्याची टिचबटणंही पाहा. डोक्यात शंट (साठलेलं पाणी काढणारी नळी) असेल तर फोनवरच सांगा. काही शंटच्या झडपेचं सेटिंग चुंबकाने बदलतं, ते नंतर तपासून घ्यावं लागतं. पोटावर शौचासाठी स्टोमा (कृत्रिम वाट) केलेला असेल तर त्याची पिशवी रिकामी करा, लंगोट बदला.

तपासणीला पाऊण ते एक तास लागतो. यंत्राचा आवाज मोठा, म्हणून कानात बोळे हवेतच. मूल हललं किंवा गुदाशयात वायू साठलेला असला की डीटीआयचं चित्र वेडंवाकडं येतं. तेवढा भाग पुन्हा घ्यायला लावा.

रिपोर्टमधल्या रंगीत रेषा देखण्या दिसतात, पण त्यांच्यावर भाळू नका. रेषा तुटली म्हणजे नस नाहीच असं नव्हे. हालचालीनेही तसं होतं. रेषा आहे म्हणून नस काम करते असंही नाही, त्यासाठी मूत्राशयाच्या दाबाची तपासणी आणि सर्जनची प्रत्यक्ष तपासणीच लागते. निघताना सीडीत डायकॉम फायली आहेत ना, ते काउंटरवरच उघडून दाखवायला सांगा. नुसत्या फिल्मवरून नसा पुन्हा रेखाटता येत नाहीत.